सरांचं नकारपत्र

नम्र माणसाबरोबर रोज प्रवास करायचा असेल तर घरातून वीस मिनिटं लवकर निघावं लागतं, हे मला नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात कळलं. आमची शाळा पोलादपूरच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याच्या एका गावात. मी राहायला महाडला आणि सरही महाडलाच. सकाळी नऊला स्टँडबाहेरून मिनीडोर, म्हणजे शेअरची मोठी रिक्षा, मिळायची. सर माझ्याआधी येऊन उभे असत. पण गाडी लागली की ते आधी मला चढवत, मग भाजीवालीला, मग तिच्या टोपल्यांना, आणि जागा संपली की हात जोडून म्हणत, "तुम्ही व्हा पुढे, मी मागच्यानं येतो." मागच्या गाडीलाही तेच. एकदा त्यांच्यासमोर एक निवृत्त पोस्टमास्तर आले. तेही सभ्य गृहस्थ. "बसा." "आधी आपण." "छे छे, आपण वडील." "आपण गुरुजी." असं दोघांचं इतका वेळ चाललं, की ड्रायव्हरनं तंबाखू मळली, तोंडात टाकली आणि दोन जागा रिकाम्या ठेवून गाडी काढली. मी मागच्या काचेतून बघत होते. दोघं एकमेकांना नमस्कार करत तिथंच उभे होते.

सर ख्रिस्ती. मूळचे नगरकडचे, गणिताचे शिक्षक म्हणून इकडे आले आणि इकडचेच झाले. बायको लवकर गेली, मूलबाळ नव्हतं. महाडात ख्रिस्ती घरं बोटांवर मोजण्याइतकी. दवाखान्यातल्या दोन नर्सबाई, एक बँकेतले, एक ट्रकड्रायव्हर आणि सर. रविवारी थोरल्या नर्सबाईंच्या हॉलमध्ये उपासना व्हायची, पाळकसाहेब महिन्यातून एकदा बाहेरगावाहून यायचे. नाताळला मी एकदा गेले होते. सगळे आत गाणी म्हणत होते आणि सर दारात बसून चपलांच्या जोड्या लावत होते. मंडळीनं त्यांना तीनदा वडील म्हणून निवडलं होतं, म्हणजे त्यांच्यातले पुढारी म्हणा. तिन्ही वेळा सरांनी हात जोडले. चौथ्यांदा कुणी विचारलंच नाही, तेव्हा त्यांना जरा वाईट वाटलं असावं असा मला संशय आहे. पण हा माझा संशय. मी मुळात संशयी बाई आहे.

त्यांच्या खिशात एक छोटी डायरी असायची. पहाटे उठून प्रार्थना करायची आणि त्या दिवशी देवाची जी आज्ञा होईल ती डायरीत एका ओळीत लिहायची, असा त्यांचा नेम. ती डायरी आमच्या स्टाफरूमचा करमणुकीचा मोठा विषय होता. सर हात धुवायला गेले की कुणीतरी कोटाच्या खिशातून काढून वाचायचं. 'आज शिपायाला चहा आपण करून देणे.' 'आज मधल्या सुट्टीत न बोलणे.' 'क्लार्कला दुखावले, माफी मागणे.' क्लार्कला तर आपण कधी दुखावले गेलो हेच माहीत नव्हतं. सर त्याच्या टेबलासमोर मान खाली घालून उभे राहिले तेव्हा तो इतका घाबरला, की त्यानं उलट सरांचीच माफी मागितली.

मी एकदा सरळ विचारलं, "सर, आवाज येतो का हो? म्हणजे ऐकू येतं का काही?"

"नाही बाई," ते म्हणाले. "आवाज कसला यायचा आमच्यासारख्याला! मी फक्त शांत बसतो. आणि जे करायला अगदी नको वाटतं ना, ते लिहून काढतो. बहुतेक तीच आज्ञा असते."

"आणि करायला आवडेल असं देव कधीच सांगत नाही?"

त्यांनी खरोखर विचार केला. "एकदा सांगितलं होतं. तुमच्या मुलीच्या बारशाला दोन जिलब्या घ्या म्हणून. पण तेव्हा मला दात दुखत असल्यामुळे नकोशा होत्या."

या हिशेबानं त्यांचं सगळं आयुष्य चाललं होतं. लांबून बघितलं तर ते फार छान होतं. पण त्यांच्या शेजारी राहून बघा. एका पावसाळ्यात सावित्री नदीचं पाणी बाजारपेठेत शिरलं आणि आमच्या गल्लीतही कमरेएवढं चढलं. महाडच्या माणसाला हे शिकवावं लागत नाही, की पाणी उतरायला लागलं की त्याच पाण्याबरोबर घरातला गाळ ढकलत बाहेर काढायचा. एकदा का पाणी गेलं आणि ऊन पडलं, की तो गाळ फरशीला असा धरतो की विचारू नका. सर मात्र फावडं घेऊन आधी शेजारच्या म्हातारीकडे गेले. मग समोरच्या टेलरकडे. मग आमच्याकडे. मी दोनदा म्हटलं, "सर, तुमचं घर बघा आधी." ते म्हणाले, "माझं काय, एकट्याचं. होईल सावकाश." संध्याकाळी ते स्वतःच्या खोलीवर गेले तेव्हा आतला गाळ घट्ट बसला होता. पुढचे तीन दिवस तो टेलर, माझा नवरा आणि म्हातारीचा नातू असे तिघं पहारी घेऊन सरांची खोली खोदत होते. माझ्या नवऱ्याची कंबर धरली ती दिवाळीपर्यंत सुटली नाही. सर मात्र सगळ्यांना सांगत होते, की माझ्यासारख्या पाप्यासाठी लोकांनी किती केलं बघा. माझा नवरा तेवढ्यापुरता नास्तिक झाला होता.

हिरकणीवाडीला सहल गेली तेव्हाही तेच. शंभर मुलं, आठ शिक्षक, दोन ड्रायव्हर आणि वाटेत भेटलेलं एक अनोळखी कुटुंब जेवल्यावर सर पानावर बसले. तोवर पिठलं संपलं होतं. खानावळीच्या बाईंनी कमरेवर हात ठेवले. "मगाशीच का नाय बसलात? आता एकट्यासाठी परत चूल पेटवू काय?" सर म्हणाले, नको, मी नुसती भाकरी खाईन. "आनि माझ्या दारातनं मास्तर उपाशी गेला म्हनून सांगत फिरा!" असं म्हणत त्यांनी चूल पेटवली. आम्ही सगळे त्या एका पिठल्यापायी पाऊण तास बसमध्ये बसून राहिलो.

वर्गातली त्यांची पद्धत तर जिल्ह्यात दुसरीकडे कुठे नसेल. मुलाचं गणित चुकलं तर शिकवणाऱ्याचं चुकलं, असं ते मानत. आणि ज्याचं चुकलं त्यानं वर्गाबाहेर उभं राहायचं. म्हणून सर स्वतः बाहेर जाऊन उभे राहत. मुलं महाबिलंदर. परीक्षेच्या आदल्या दिवशी मन लावून बरोबर सोडवणारी मुलं एरवी शुक्रवारच्या शेवटच्या तासाला बे दुणे पाच लिहायची. एकदा शिक्षण विस्तार अधिकारी अचानक आले. नववीच्या वर्गात गोंगाट, आणि सर व्हरांड्यात भिंतीकडे तोंड करून उभे.

"तुम्ही वर्गाबाहेर काय करताय?"

"शिक्षा झाली आहे, साहेब."

"कुणी केली?"

"मीच."

शेरेबुकात काय लिहावं हे साहेबांना सुचेना. शेवटी त्यांनी 'स्वच्छतागृहाकडे लक्ष द्यावे' असं लिहिलं आणि निघून गेले.

हे सगळं मी आता हसत सांगते आहे. पण मुख्याध्यापक निवृत्त व्हायचं वर्ष आलं, तेव्हा हसण्यासारखं काही उरलं नाही.

खाजगी शाळेत मुख्याध्यापक सेवाज्येष्ठतेनं होतो. यादीत पहिलं नाव ज्याचं, खुर्ची त्याची. त्याला नको असेल तर त्यानं तसं लेखी द्यायचं. त्याला नकारपत्र म्हणतात. मग संस्था दुसऱ्या नावाचा प्रस्ताव अलिबागला शिक्षणाधिकाऱ्यांकडे मान्यतेसाठी पाठवते. आमच्या यादीत पहिलं नाव सरांचं होतं, आणि सर नकारपत्र देणार याबद्दल कुणालाच शंका नव्हती. पर्यवेक्षकपद त्यांनी असंच सोडलं होतं. यादीतल्या दुसऱ्या गृहस्थांना आम्ही मागून दोन नंबरचे सर म्हणायचो. ते त्या उन्हाळ्यात नवीन सफारी शिवायला टाकून मोकळे झाले होते.

दोन नंबरचे सर वाईट नव्हते. हे मी मुद्दाम सांगते, कारण त्यांना खलनायक केलं की गोष्ट फार सोपी होते. शाळेवर त्यांचा जीव होता. फक्त त्यांना वेळेचं वेड होतं. साडेदहाची घंटा झाली की फाटकाला कुलूप, हे त्यांचं जुनं स्वप्न. आणि आमच्याकडे वरच्या वाडीतून बारा मुली यायच्या. दीड तास डोंगर उतरून. पावसाळ्यात मधल्या वहाळाला, म्हणजे ओढ्याला, पाणी असलं की ते उतरेपर्यंत थांबायच्या आणि भिजलेल्या दप्तरांसकट अकरा-सव्वाअकराला पोचायच्या. जुने मुख्याध्यापक काही बोलायचे नाहीत. पण ते रजेवर असताना दोन नंबरच्या सरांनी दोनदा त्या मुलींना फाटकावरून परत पाठवलं होतं. ते कायमचे बसले की काय होणार, हे कुणी सांगायला नको होतं.

मी मेच्या शेवटच्या आठवड्यात सरांच्या खोलीवर गेले. म्हटलं, "सर, या वेळी नाही म्हणू नका. खुर्चीसाठी नाही, त्या पोरींसाठी."

त्यांनी मला चहा दिला. कान तुटलेला कप त्यांनी स्वतःकडे घेतला. "बाई, मला कुठे ती लायकी? मी आपला खालच्या जागेचा माणूस."

"लायकीचं मी विचारतच नाहीये."

"प्रार्थना करतो," ते म्हणाले. चार दिवसांनी त्यांनी नकारपत्र दिलं. सुंदर वळणदार अक्षरात, समास सोडून. 'माझ्या अंगी या पदास आवश्यक ती पात्रता नसल्याने' असं त्यात होतं. दोन नंबरच्या सरांनी त्याची झेरॉक्स काढून आम्हाला वाचून दाखवली आणि खरोखर रुमाल काढून डोळे टिपले. स्टाफच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर त्या दिवशी हात जोडलेली इतकी चित्रं पडली, की माझा फोन अडकला.

जूनमध्ये शाळा उघडली. प्रभारी मुख्याध्यापक म्हणून दोन नंबरचे सर बसले आणि फाटकाला नवीन कुलूप आलं. तिसऱ्याच दिवशी पाऊस लागला. बारा मुली अकराला फाटकाबाहेर उभ्या.

"वहाळाला पानी हाय, सर. उतरंस्तवर थांबलो."

"मग वाडीतून लवकर निघायचं. बाकीचे येतात ना वेळेवर?"

दुसऱ्या दिवशी तेच. त्या आठवड्याअखेर बाराच्या आठ झाल्या. एका मुलीचा बाप बाजाराच्या दिवशी मला भेटला. मी विचारलं तर म्हणाला, "रोज भिजत यायचं नि फाटक बगून परत जायचं, त्यापरीस घरात राहील. मामाकडं धाडतो तिला."

आणि आमच्या सरांनी काय करावं? त्यांनी स्वतः फाटकाबाहेर राहायला सुरुवात केली. शाळेसमोर एसटीची पत्र्याची शेड आहे, तिथं त्या आठ मुलींना घेऊन ते गणित शिकवायला लागले. वर्गावर तास असला की तेवढ्यापुरते आत, एरवी तिथंच. हजेरीपटावर स्वतःच्या नावापुढे रोज स्वतःच्या हातानं उशिराची खूण करत. येणारे-जाणारे थांबून बघत. कुणी फोटो काढले. गावच्या ग्रुपवर ते फिरले. लोक म्हणाले, असा शिक्षक होणे नाही.

त्या शेडकडे मी मधल्या सुट्टीत छत्री घेऊन गेले. सर उकिडवे बसून एका मुलीच्या वहीत वर्तुळ काढत होते. डोक्यावर पत्रा गळत होता, पाठ भिजली होती आणि चेहरा असा काही उजळला होता, की मला संताप आला. मुलींना मी शिपाईमामांकडे चहा प्यायला पाठवलं.

"सर, तुम्ही इथं किती सुखात आहात, हे कळतंय का तुम्हाला?"

ते वर बघायला लागले.

"त्या नकारपत्रावर सही केली नसतीत तर या पोरी वर्गात बसल्या असत्या. कोरड्या. चार घरी बसल्या त्या इथं असत्या. पण मग तुम्हाला पावसात बसायला मिळालं नसतं. लोकांनी फोटो काढले नसते. तुमची ही नम्रता आहे ना सर, ती या मुलींच्या मुळावर आली आहे. मला तुमच्या देवातलं काही कळत नाही. पण त्यानं तुम्हाला खाली बसायलाच सांगितलंय, हे तुम्ही ठरवलंत की त्यानं?"

इतकं बोलायचं नव्हतं मला. पण बोलले. सरांनी ओल्या कोटातून डायरी काढली, मे महिन्याचं एक पान उघडलं आणि माझ्यापुढे धरलं. त्यावर एक ओळ लिहिलेली होती आणि ती इतक्या जोरात खोडलेली होती, की कागद फाटला होता. तरी वाचता येत होती. 'नाही म्हणू नये.'

"तीस वर्षांत पहिल्यांदा आज्ञा खोडली," ते म्हणाले. "मला वाटलं, हा त्याचा आवाज नव्हे. हा माझाच."

"का?"

"कारण मला हवी होती ती खुर्ची." हे बोलताना त्यांचे कान लाल झाले. "फार हवी होती, बाई. पर्यवेक्षकपद सोडलं तेव्हासुद्धा हवं होतं. जे हवं असतं ते त्याचं नसतं, असा माझा समज. म्हणून खोडलं. आणि नकारपत्र लिहिताना अक्षर चांगलं यावं म्हणून दोनदा लिहिलं."

घंटा झाली म्हणून मी वर्गावर गेले.

दुसऱ्या दिवशी सर संस्थेच्या चेअरमनांकडे गेले. अलिबागला प्रस्ताव अजून गेला नव्हता, क्लार्कच्या टेबलावरच होता. शिपाईमामा तेव्हा टपाल घेऊन तिथं होते, त्यांनी आम्हाला सगळं सांगितलं. चेअरमन भाताच्या लावणीवरून नुकते घरी आले होते, पायांचा चिखलही धुतलेला नव्हता.

"सर, तुमी तर लिवून दिलंत नको म्हनून. लायकी नाय म्हनालात. आता कशी आली लायकी?"

"आलेली नाही. तरी करायचं आहे."

"लोक काय म्हनतील? एवडं नाव हाय तुमचं."

"नाव जाईल," सर म्हणाले. "पत्र परत द्या."

आणि नाव गेलं. इतक्या लवकर गेलं, की मी थक्क झाले. ज्या ग्रुपवर हात जोडले गेले होते, त्याच ग्रुपवर सरड्याचं चित्र पडलं. स्टाफरूममध्ये कुणीतरी म्हणालं, आत मोठा साहेब लपला होता बुवा. कुणी म्हणालं, शेडमधलं नाटक त्यासाठीच होतं, फोटो कुणी काढायला लावले ते शोधा. महाडला मंडळीतही पोचलं. धाकट्या नर्सबाई माझ्या ओळखीच्या, त्यांनी सांगितलं की रविवारच्या उपासनेत बँकेतल्या गृहस्थांनी उभं राहून मोठ्यानं प्रार्थना केली, 'हे प्रभू, आमच्यापैकी जे मोठेपणाच्या मोहात पडले आहेत त्यांना सावर.' सगळ्यांचे डोळे मिटलेले होते, तरी सगळे कुणाकडे बघत होते ते कळत होतं. सरांनी सर्वांत मोठ्यानं आमेन म्हटलं.

आता माझं सांगते. दोन नंबरच्या सरांनी एक अर्ज तयार केला. शिक्षणाधिकाऱ्यांच्या नावे, चेअरमनमार्फत. सरांची मनःस्थिती सध्या स्थिर नसून, त्यांनी स्वखुशीने दिलेले नकारपत्रच शाळेच्या हिताचे आहे, ते कायम ठेवावे, असा मजकूर. स्टाफरूममध्ये तो कागद फिरत होता. भजी मागवली होती. एकेक जण सही करून कागद पुढे सरकवत होता. माझ्यापुढे आला तेव्हा सहा सह्या झालेल्या होत्या. दोन नंबरचे सर म्हणाले, "मॅडम, तुमचं काय ते तुम्ही बघा. जबरदस्ती नाही." पुढच्या महिन्यात माझ्या मुलीच्या दाढेचं काम निघालं होतं, मला रजा लागणार होती. आणि खरं सांगायचं तर ते कारणही नव्हतं. सगळे बघत होते, एवढंच कारण होतं. मी सातवी सही केली. मनात म्हटलं, एका सहीनं काय होतंय.

त्या अर्जाचं काही झालं नाही. चेअरमननी काय केलं कोण जाणे, पण नकारपत्र रद्द झालं, मान्यता आली आणि जुलैच्या मध्यावर सर खुर्चीत बसले. बसले म्हणजे, पहिला आठवडा खुर्चीच्या शेजारी उभेच होते. शेवटी क्लार्क रडकुंडीला आला, "सर, बसून सही करा हो, उभ्यानं वाकडी येते, अलिबागहून कागद परत येतात." मुख्याध्यापक म्हणून ते सुमारच होते. फायली हरवायच्या. पालकसभेत ते एवढे हळू बोलायचे की मागच्या पालकांना वाटायचं सभा अजून सुरूच व्हायची आहे. पण फाटकाचं कुलूप गेलं. पहिला तास त्यांनी सगळ्या शाळेला वाचनाचा केला, म्हणजे उशिरा येणाऱ्यांचं गणित-विज्ञान बुडायला नको. दोन नंबरच्या सरांनी त्यालाही विरोध केला आणि मग त्या वाचनाच्या तासाला सगळ्यांत वेळेवर तेच यायला लागले.

घरी बसलेल्या चारपैकी तिघी परत आल्या. त्यासाठी सर तीनदा वाडीवर चढून गेले. चौथी तोवर मामाकडे गेली होती, ती काही आली नाही. मामाच्या गावाला सर दोनदा गेले. तिचं लग्न ठरवताहेत असं कळलं, तेव्हा त्यांनी तिथल्या शिक्षकांना, ग्रामसेविकेला, सगळ्यांना गाठलं. लग्न वर्षभर तरी लांबलं, शाळा मात्र सुटली ती सुटलीच. त्या दुसऱ्या फेरीनंतर एका संध्याकाळी ते मिनीडोरमध्ये माझ्याशेजारी बसले होते. म्हणाले, "एक मुलगी माझ्या नम्रतेत गेली, बाई."

चौदा महिने ते त्या खुर्चीत होते. त्या चौदा महिन्यांत कुणीही त्यांना नम्र म्हटलं नाही. आम्ही रोज एकाच गाडीनं जायचो. ते माझ्या मुलीची चौकशी करायचे, मी त्यांच्या गुडघ्यांची. अर्जाबद्दल त्यांना माहीत नसावं असं मी स्वतःला पटवून दिलं होतं. असे कागद वरच्या वर फाडले जातात, असं मी ऐकून होते.

निवृत्तीच्या दिवशी चार्ज द्यायचं काम चाललं होतं. यादीप्रमाणे आता दोन नंबरचे सर खुर्चीत बसणार होते, पण वाचनाचा तास ते चालू ठेवणार असं त्यांनीच सगळ्यांना सांगून टाकलं होतं. सरांनी मला केबिनमध्ये बोलावलं. टेबलावर एक कागद होता. मी दारातूनच ओळखला. सातवी सही अगदी स्पष्ट दिसत होती. माझी सही मुळात मोठी आहे.

"हा चेअरमननी मला तेव्हाच दिला होता," सर म्हणाले. "घरी बोलावून दाखवला, आणि म्हणाले, अजून विचार करा. तुमचं माणूससुद्धा तुमच्या बाजूला नाही."

म्हणजे चौदा महिने त्यांना माहीत होतं. रोज सकाळी नऊला, त्या गाडीत. मी खुर्चीची पाठ धरली. "सर, मी..."

"नाही, मला बोलू द्या. आभार मानायचे राहून गेलेत." ते उठून उभे राहिले. "तोवर माझी झोप उडाली होती, बाई. शेडमध्ये तुम्ही बोललात आणि मी उठून चेअरमनकडे गेलो. मग रोज वाटायचं, आपण देवाचं ऐकलं की बाईंचं? बाई शहाण्या आहेत, त्यांच्यापुढे चांगलं दिसावं म्हणून तर नाही केलं? तुमची सही बघितली आणि शंका फिटली. तुम्हालाही नको होतं. स्टाफला नको, मंडळीला नको, आणि एव्हाना मलाही अगदी नको झालं होतं. मग हवं होतं ते कुणाला? एकालाच."

मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. कुठेतरी टोमणा सापडतो का, ते शोधत होते. सापडला असता तर मी भांडले असते, रडले असते, काहीतरी केलं असतं. पण त्या माणसाला टोमणा मारताच येत नव्हता. त्यांनी मला हात जोडून नमस्कार केला, अगदी मनापासून, आणि मला तो घ्यावा लागला.